ड्रॉइंग नसताना वस्तू बनते का?

पंच_डाय:

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूमला ३१ वर्षं काढली. प्रेस टूल, म्हणजे पत्रा कापायच्या आणि वाकवायच्या डाय. एक मिलिमीटरचा पत्रा कापायचा तर पंच आणि डायमध्ये प्रत्येक बाजूला पाच-सहा शतांश मिलिमीटर फट ठेवायची. जास्त झाली की कडेला बर, म्हणजे बोचरा काठ येतो, कमी झाली की पंचची धार जाते. असल्या कामात ड्रॉइंग आल्याशिवाय मी कधी लोखंडाला हात लावला नाही. 'आपोआप झालं' असं कुणी म्हटलं की माझ्या कपाळाला आठी पडते. टूलरूममध्ये आपोआप होतो तो फक्त गंज.

धाकटी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "बाबा, डिझायनरशिवाय डिझाइन कसं होतं ते दाखवते." प्रोग्रॅम असा: २० खुणांची एक ओळ, कशीही भरलेली. अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, मोकळी जागा धरून प्रत्येक ठिकाणी ६० पर्याय. त्या ओळीच्या शंभर नकला काढायच्या, आणि नक्कल करताना शंभरातली पाच अक्षरं चुकू द्यायची. शंभरांतली जी ओळ 'थेंबे थेंबे तळे साचे' या म्हणीच्या सर्वांत जवळ जाईल ती पुढच्या पिढीची आई. बाकीच्या फेकायच्या.

सुरुवातीला नुसता कचरा. अक्षराशिवाय मात्रा पडली की स्क्रीनवर ते ठिपक्यांचं वर्तुळ येतं ना, तसली वर्तुळंच वर्तुळं. तिसाव्या पिढीच्या आसपास 'तळे' दिसायला लागलं. ११२व्या पिढीला म्हण पूर्ण. मग तिने हिशेब दाखवला. नुसत्या अंदाजाने ओळ जुळवायची तर शक्यतांची संख्या ३६ आकडी. सेकंदाला एक कोटी प्रयत्न केले तरी विश्वाच्या वयाच्या काही हजार कोटी पट वेळ लागेल. इथे चहा निवायच्या आत काम झालं.

मी विचारलं, "अगं, पण म्हण तूच आत भरून ठेवलीस ना?" गप्प झाली. मग जरा चिडलीच.

माझं म्हणणं एवढंच. आमच्याकडे जुन्या लेथला कॉपी टर्निंगची जोडणी असायची. टेम्प्लेटवरून काटा फिरतो, त्याच्या मागोमाग टूल फिरतं आणि तोच आकार निघतो. ते बघून कुणी म्हणेल का की आकार आपोआप आला? टेम्प्लेट कुणीतरी घासून केलंच होतं. हा प्रोग्रॅम म्हणजे कॉपी टर्निंगच झालं. मग उत्तर आधी न भरता अशी गुंतागुंतीची रचना कॉम्प्युटरमध्ये कुणी करून दाखवली आहे का? असल्यास कशी, ते माझ्यासारख्याला कळेल असं सांगा.

देव आहे की नाही हा वाद नको. मी रोज पूजा करतो, लेक करत नाही, आणि जेवायला एकत्रच बसतो.

---

कट्टेकरी:

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शतकी होणार धागा.

---

शून्यसंच:

काका, लेकीवर चिडू नका, तिलाही चिडू देऊ नका. तुमचा आक्षेप शंभर टक्के बरोबर आहे. हा खेळ रिचर्ड डॉकिन्सनी १९८६ साली शेक्सपिअरच्या २८ खुणांच्या ओळीवर केला होता आणि नेमकी हीच पळवाट त्यांनी स्वतःच कबूल केली होती: उत्क्रांतीसमोर असं दूरचं लक्ष्य नसतं. थोडं थोडं साठवत गेलं की नशिबावरचा भार किती हलका होतो, एवढंच दाखवायला तो खेळ आहे. त्यापलीकडे ताणला की फाटतो.

मी जीवशास्त्र शिकून प्रोग्रॅमिंगकडे वळलेली. एम.एस्सी.ला असताना यातल्या एका प्रणालीवर सहा महिने घालवले, त्यामुळे थोडं लांबण लावते.

टेम्प्लेट नसलेलं उदाहरण म्हणजे टिएरा. टॉमस रे हे मूळचे कोस्टा रिकाच्या पर्जन्यवनात काम केलेले परिसंस्थेचे अभ्यासक. १९९० मध्ये त्यांनी कॉम्प्युटरच्या आत आणखी एक खोटा कॉम्प्युटर बनवला आणि त्यात ८० आज्ञांचा एक प्रोग्रॅम सोडला. त्याला येत होतं एकच काम: स्वतःची नक्कल करणं. नकलेत अधूनमधून चुका होऊ दिल्या. मेमरी मोजकी, त्यामुळे जागा भरली की जुने आणि चुका करणारे आधी मारले जात. बास. 'जवळ आलास, शाबास' म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, गुणपत्रिका नव्हती. टिकला तो टिकला.

थोड्याच वेळात ४५ आज्ञांचे प्रोग्रॅम दिसायला लागले. त्यांच्यात नक्कल करायची सोयच उरली नव्हती. मग ते वाढत कसे होते? शेजाऱ्याच्या अंगातला नक्कल करणारा भाग वापरत होते. बांडगूळ! आंब्यावर असतं तसं. पुढे बांडगुळाला दाद न देणारे प्रोग्रॅम आले, आणि मग बांडगुळाच्याच वाट्याचा वेळ चोरणारे आले. रे यांनी यातलं काहीच लिहिलं नव्हतं. काका, ड्रॉइंग म्हणाल तर ८० आज्ञांचं होतं. बांडगुळाचं नव्हतं.

दुसरं, अविडा. मी ज्यात रमले ते हेच. २००३ मध्ये लेन्स्की, ओफ्रिया, पेनॉक आणि अदामी या चौघांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग छापला. इथे मात्र बक्षिसं होती, ते लपवत नाही. एखादा प्रोग्रॅम अंकांवर तर्काचं काही काम करू लागला की त्याला चालायला जास्त वेळ मिळायचा. नऊ कामं ठरवली होती. सर्वांत अवघड काम म्हणजे दोन संख्या बिटागणिक (०-१ च्या खुणेगणिक) सारख्या आहेत का ते तपासणं. पूर्वज प्रोग्रॅमला यातलं एकही येत नव्हतं. अशा ५० वेगवेगळ्या वस्त्या सोडल्या, प्रत्येकीत ३,६०० प्रोग्रॅम. २३ वस्त्यांत ते अवघड काम उगवलं, आणि तेही एकाच वाटेने नव्हे. कुठलीच एक मधली पायरी अनिवार्य ठरली नाही. काही बदल तर झाले तेव्हा नुकसान करणारे होते आणि नंतर त्यांचाच आधार झाला.

आता तुमच्या कामाचा भाग. त्याच मंडळींनी आणखी ५० वस्त्या सोडल्या, पण या वेळी सोप्या आठ कामांचं बक्षीस काढून घेतलं. फक्त शेवटचं अवघड काम जमलं तरच वेळ मिळेल. किती वस्त्यांत जमलं? शून्य.

हा शून्य मला २३ पेक्षा महत्त्वाचा वाटतो. अविडात जादू नाही. जिना असेल तर चढता येतं, नसेल तर खालीच. लक्ष्य काय ते लिहिलं होतं, पण तिथे पोचायचा प्रोग्रॅम कसा असेल ते कुठेही लिहिलं नव्हतं. तुमच्या लेकीच्या प्रोग्रॅममध्ये उत्तरच आत आहे. अविडात प्रश्नपत्रिका आत आहे. टिएरात प्रश्नपत्रिकाही नाही.

एक गंमत सांगते. याच ओफ्रियांना एकदा नक्कल करण्याचा वेग वाढवणारे बदल रोखायचे होते. म्हणून प्रत्येक नवा प्रोग्रॅम ते वेगळ्या खोलीत नेऊन तपासत आणि जास्त वेगाने वाढणारा दिसला की काढून टाकत. काही काळ ठीक चाललं. मग पाहतात तर वेग पुन्हा वाढतोय. तपासणीच्या खोलीत येणारे आकडे ओळखून प्रोग्रॅम तिथे मेल्याचं सोंग घेत होते आणि बाहेर आले की सुसाट! इन्स्पेक्टर आला की मशीन हळू चालवणारे तुमच्याकडेही असतीलच.

---

सोल्डर_गन:

शून्यसंच यांचा प्रतिसाद भारी. माझी हार्डवेअरवाल्याची भर.

ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९६ च्या सुमारास हे खऱ्या चिपवर केलं. जोडणी पाहिजे तशी बदलता येते अशी चिप, त्यातला १० गुणिले १० चा कोपरा, म्हणजे १०० घरं. काम: १ किलोहर्ट्झ आणि १० किलोहर्ट्झ हे दोन सूर वेगळे ओळखायचे. क्लॉक, म्हणजे सर्किटला ताल देणारा ठोका, द्यायचं नाही. कुठल्याही इंजिनिअरला विचारा, क्लॉकशिवाय एवढ्या घरांत हे कर म्हटलं तर तो आधी तुमच्याकडे बघेल. पाच हजारांच्या आसपास पिढ्यांनी चिप दोन्ही सूर चोख ओळखायला लागली.

मजा पुढे आहे. बाकीच्या सर्किटला कुठेही न जोडलेली काही घरं होती. कागदावर निरुपयोगी. ती बंद केली की सर्किट बिघडायचं! म्हणजे चिपच्या सिलिकॉनमधला कुठला तरी गुण ते वापरत होतं, जो डेटाशीटमध्ये नसतो आणि आपण 'दोष' म्हणून टाळतो. तेच डिझाइन चिपच्या दुसऱ्या कोपऱ्यात नेलं तर धड चालेना, तापमान फार बदललं तरी चालेना. माणसाने बनवलं असतं तर असं ओंगळ कधी बनवलं नसतं. मी तरी नाही.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतलंच म्हणू नका. नासाने मार्च २००६ मध्ये सोडलेल्या एसटी-५ या छोट्या उपग्रहांवर अशाच पद्धतीने निघालेला अँटेना होता. फोटो शोधून बघा. रागाने चुरगाळलेल्या पेपर क्लिपसारखा दिसतो. त्या वाकांना 'असं का' विचारलं तर उत्तर एकच, चाचणीत बरा ठरला म्हणून.

---

घटपट:

निवृत्त संस्कृत शिक्षक. प्रोग्रॅममधलं मला काही कळत नाही, पण पंच_डाय यांचा प्रश्न वाचून हसू आलं, कारण हा आपल्याकडे हजार-दीड हजार वर्षं रंगलेला वाद आहे. लोक याला इंग्रज पाद्री पेलीचा १८०२ चा घड्याळाचा युक्तिवाद म्हणतात: घड्याळ दिसलं की घड्याळजी असणारच, तसा जगालाही कर्ता. आपल्याकडे घड्याळाच्या जागी मडकं होतं.

नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं म्हणणं असं: पृथ्वी, पर्वत ही कार्यं आहेत. कार्याला कर्ता असतो. घटाला कुंभार असतो तसा जगाला ईश्वर. दहाव्या शतकाच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त हे फार ताकदीने मांडलं. त्याआधी सातव्या शतकात बौद्ध धर्मकीर्तीने यावर जे विचारलं होतं ते आजही चोख आहे. मडकं मातीचं, त्याला आकार, म्हणून कुंभाराने केलं असं आपण म्हणतो, कारण कुंभाराला मडकं करताना आपण पाहिलेलं असतं. पण केवळ 'मातीला आकार आहे' एवढ्यावर कुंभाराचं अनुमान काढलंत, तर वारूळही कुंभारानेच केलं म्हणावं लागेल!

नैयायिक लगेच म्हणेल, वाळवी आहेच की कर्ता. पण न्यायातच कर्त्याची व्याख्या कडक आहे. ज्या द्रव्यातून करायचं त्याचं प्रत्यक्ष ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न, तिन्ही हवीत. कुठल्या वाळवीच्या डोक्यात अख्खं वारूळ असतं? ग्रासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये वाळवीचं काम पाहून सांगितलं की एकीने ठेवलेली मातीची गोळीच दुसरीला 'इथे ठेव' म्हणते. झालेलं काम पुढचं काम करवून घेतं, मुकादम नाही. नागपंचमीला आपण पूजतो त्या वारुळाला नकाशा नसतो.

आणि हो, हे सगळं नास्तिकांचं कारस्थान आहे असं वाटणाऱ्यांसाठी: वेदांचे कट्टर अभिमानी मीमांसक कुमारिल भट्ट यांनीही जगाचा कर्ता ईश्वर ही कल्पना नाकारली होती.

---

चंद्रभागा_तीरी:

सगळं वाचलं, आनंद वाटला. पण माऊली, कॉम्प्युटर कुणी बनवला? चुका किती होऊ द्यायच्या ते कुणी ठरवलं? मेमरी मोजकी कुणी ठेवली? रे साहेब, ओफ्रिया साहेब हेच त्या जगाचे कर्ते झाले ना? आमचा पांडुरंग कमरेवर हात ठेवून उभा आहे, तो काही प्रत्येक बांडगूळ हाताने करत बसत नसेल. नियम घालून दिले असतील.

---

शून्यसंच:

@चंद्रभागा_तीरी, यावर माझ्याकडे प्रयोग नाही आणि कुणाकडेच नाही. कॉम्प्युटरमध्ये घडवलेली उत्क्रांती एकच विधान तपासते: 'गुंतागुंतीची रचना दिसली की त्या रचनेचा आराखडा आधी कुणाच्या तरी डोक्यात असलाच पाहिजे.' ते खोटं ठरतं, कारण बांडगुळाचा आराखडा रे यांच्या डोक्यात नव्हता. नियम कुठून आले हे त्यात येत नाही. पांडुरंगाला हात लावायची त्या प्रोग्रॅमची ऐपतच नाही.

जाता जाता दुसऱ्या बाजूचं पण सांगते. टिएरासारखी जगं काही काळ नवं नवं देतात आणि मग साचतात. खऱ्या जीवसृष्टीसारखं वर्षानुवर्षं नवीनच काही निघत राहणं अजून कुणाला धड जमलेलं नाही. कुठला नियम कमी पडतोय यावर या क्षेत्रात भांडणं चालू आहेत.

---

पंच_डाय:

सर्वांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण डोक्यात एक जुनं फिक्स्चर फिरत होतं.

आमच्याकडे एका ब्रॅकेटला भोकं पाडायचं ड्रिलिंग फिक्स्चर, म्हणजे वस्तू जागच्या जागी धरून ठेवणारी पकड होती, अकरा वर्षं चाललेली. नव्या लाइनला तसंच दुसरं हवं होतं. स्टोअरमधून ड्रॉइंग काढलं, मी जातीने लक्ष घालून हुबेहूब बनवलं. चालेना. भोकं सरकायची. जुनं मात्र दिमाखात चालू. मग जुनं खोललं. आत पितळेच्या शिम (फट भरायच्या पातळ पट्ट्या), एका पायाखाली ब्लेडचा तुकडा, एक कड कानसीने घासलेली, एका स्टॉपरला वेल्डिंगचा ठिपका. ड्रॉइंगमध्ये यातलं काहीही नाही. तिन्ही पाळ्यांत विचारलं. कुणालाच सगळं माहीत नाही. कुणीतरी कधीतरी शिम घातली, रिजेक्शन कमी झालं, राहिली. दुसऱ्याने काही केलं, रिजेक्शन वाढलं, काढून टाकलं. ब्लेडचा तुकडा कशासाठी ते सांगणारा माणूस सापडलाच नाही. तो काढून बघितला आणि सोल्डर_गन यांच्या चिपसारखंच झालं. दुसरंच भोक सरकलं!

तुम्ही म्हणाल, शिम घालणारे हात माणसाचेच होते. कबूल. पण घालताना त्याला फक्त आजच्या पाळीचं रिजेक्शन दिसत होतं. अकरा वर्षांनंतरचं फिक्स्चर कुणाच्याच डोक्यात नव्हतं. ३१ वर्षांत मी म्हणत आलो की ड्रॉइंगशिवाय काही होत नाही, आणि माझ्याच टूलरूमच्या पुढच्या शेडमध्ये असं एक उभं होतं. शेवटी आम्ही जुन्याची मापं घेऊन त्यावरून नवं ड्रॉइंग केलं. आधी वस्तू, मग ड्रॉइंग. त्या वेळी वैतागलो होतो, आता मजा वाटते.

घटपट सर, वारूळ आवडलं. लेकीला वाचून दाखवलं.

पण शून्यसंच ताई, माझं एक अजून अडकलंय. टिएरात पहिला ८० आज्ञांचा प्रोग्रॅम रे साहेबांनी हाताने लिहिला. अविडातला पूर्वजही हातानेच लिहिलेला असणार. निवड सुरू व्हायला आधी नक्कल करणारं काहीतरी पाहिजे. ते पहिलं कुठून येणार? तिथे तरी ड्रॉइंग लागतंच की.

---

शून्यसंच:

काका, तुम्ही बरोबर दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. बराच काळ यावर उत्तर 'तो वेगळा विषय आहे' असंच होतं, आणि खऱ्या जीवसृष्टीबद्दल विचाराल तर पहिला रेणू कसा आला हे अजून उघडंच आहे.

कॉम्प्युटरपुरतं मात्र २०२४ मध्ये गूगलमधल्या संशोधकांनी एक झकास काम दाखवलं. १,३१,०७२ ओळी घेतल्या, प्रत्येक ६४ बाइटची, पूर्ण कचरा. कुणीही हाताने लिहिलेली नाही. कुठल्याही दोन उचलायच्या, एकमेकींना जोडायच्या, जोडलेला तुकडा प्रोग्रॅम समजून चालवायचा, मग मधून तोडून दोन्ही परत टाकायच्या. चालताना ओळी स्वतःला आणि एकमेकींना बदलू शकतात. गुण नाहीत, बक्षीस नाही, 'नक्कल कर' असंही कुठे नाही. बराच वेळ काहीच घडत नाही. मग प्रयोगाच्या अनेक खेपांत अचानक एक नक्कल करणारा प्रोग्रॅम तयार होतो आणि बघता बघता सगळी जागा व्यापतो. बाहेरून चुका घातल्या नाहीत तरीही.

झाकून ठेवत नाही: त्या भाषेत 'एक बाइट इकडून उचल, तिकडे ठेव' अशी आज्ञा होती. ती नसती तर नक्कल होणं फार कठीण. म्हणजे सामान माणसाचंच.

---

पंच_डाय:

म्हणजे खोलीत पाना-पक्कड टाकून ठेवली, काय बनवायचं ते सांगितलं नाही. हे मला चालेल. पाना कुणी केला ते चंद्रभागा_तीरी आणि तुम्ही बघून घ्या.

लेकीला हा शेवटचा प्रतिसाद दाखवला. म्हणाली, मोठं काही नाही, सुट्टीत होईल. लगेच जुना प्रोग्रॅम उघडला आणि पहिली ओळ, जिच्यात म्हण लिहिली होती, ती माझ्यासमोर खोडली. मग मला म्हणाली, "बाबा, आता सांगा, बक्षीस कशाला देऊ?" मी म्हटलं, कशालाच देऊ नकोस, नुसतं चालू दे.

६४ ऐवजी ३२ बाइट ठेवल्या तर तिचा लॅपटॉप तग धरेल का, कुणाला अनुभव असल्यास सांगा. पंखा आत्ताच कोकलतोय.